लातूरच्या घरातला कॅमेरा आणि न्यू जर्सीतली झोप

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो, घर लातूरला. वडील गेल्यापासून आई खालच्या मजल्यावर एकटी असते. दादा-वहिनी वरच्या मजल्यावर राहतात, दादाचं गंजगोलाईत दुकान आहे. मागच्या वर्षी आई न्हाणीघरात पडली. हाड वाचलं, पण मी फार घाबरलो. सुट्टीत आलो तेव्हा हॉल, स्वयंपाकघर आणि अंगण अशा तीन ठिकाणी कॅमेरे बसवून आलो. आता मीटिंग चालू असताना, सिग्नलला गाडी थांबली की, रात्री जाग आली की ॲप उघडतो. आई तासभर दिसली नाही तर दादाला फोन लावतो. बायको चिडते, झोप पार गेली आहे. हल्ली आई दुपारभर मागच्या पडवीत जाऊन बसते. तिथे कॅमेरा नाही. चौथा लावावा का?

उत्तर : नका लावू. पडवी त्यांची राहू द्या.

बाईमाणसाला जेवणं उरकल्यावर पाय पसरून बसायला, शेजारणीपाशी मन मोकळं करायला, क्वचित सुनेबद्दल दोन शब्द वाकडे बोलायला एक जागा लागते. तीन कॅमेऱ्यांनी घरातल्या सगळ्या जागा व्यापल्यावर तुमच्या आईंनी उरलेली शोधून काढली. ‘काय सारखं बघायलास रं’ असं त्या तुम्हाला तोंडावर म्हणणार नाहीत. परदेशी असलेल्या लेकाशी आया भांडत नाहीत. त्या उठून पडवीत जातात.

तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहिली आहे, पण तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. आई पडल्या न्हाणीघरात आणि कॅमेरे लागले हॉलमध्ये. न्हाणीघरात कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. म्हणजे ज्या भीतीपोटी हा खटाटोप केला तिच्यावर उपाय अजून झालेलाच नाही. तो साधा आहे. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या. फरशीवर पाय घसरणार नाही अशी चटई टाका. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा राहील असं करा. आई रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतील तर उठताना चक्कर येते का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा, म्हातारपणी पडण्याचं ते एक नेहमीचं कारण असतं. मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबरही बघून घ्या. दाराला लावतात तसली बिनवायरीची बेल आणा, बटण आईंच्या गळ्यात किंवा न्हाणीघरातल्या खिट्टीला, घंटी वरच्या मजल्यावर. ती वाजली तर दादा-वहिनी मिनिटात खाली येतील. तुम्ही ॲपमध्ये बघितलं तरी शेवटी त्यांनाच फोन करणार आहात.

आता तुमच्या झोपेकडे येऊ.

तुम्ही ॲप उघडता, आई भाजी निवडताना दिसतात, छातीतली धडधड बसते. पण हे बरं वाटणं टिकत नाही. चिंतेच्या आजारावर उपचार करणाऱ्यांना हे चक्र रोजचं आहे. खात्री करून घेतली की मन शांत होतं, आणि मेंदू त्यातून चुकीचा धडा घेतो. धोका होताच, आपण पाहिलं म्हणून निभावलं, असं तो धरून चालतो. मग पुढची खात्री आधीपेक्षा लवकर हवीशी वाटते. घराबाहेर पडल्यावर चार वेळा परत येऊन कुलूप ओढून पाहणाऱ्या माणसाचं असंच होतं. कुलूप पक्कं आहे हे त्याला ठाऊक असतं, तरी हात जातोच.

तुमच्या बाबतीत त्यात घड्याळाची भर पडते. न्यू जर्सी आणि लातूर यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर. तुमची दुपार म्हणजे आईंची मध्यरात्र. तेव्हा हॉलचं चित्र रिकामं आणि राखाडीच दिसणार, आणि घाबरलेल्या माणसाला राखाडी चित्रात काहीही दिसतं. आई हिंडत-फिरत असतात ती वेळ नेमकी तुमच्या झोपेची. कॅमेऱ्यात पाहण्यासारखं जे काही असतं ते रात्री दोन वाजता असतं, म्हणून तुम्ही दोनला जागे होता. बायको चिडते यात तिचं काही चुकत नाही.

लांबून पाहणाऱ्याला ताण कमी, असं आपण धरून चालतो. तसं नेहमी नसतं. २०१३ साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी हजारो अमेरिकी लोकांची पाहणी केली. पुढच्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच बातम्या नि व्हिडिओ पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनेच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. पाहिल्यानेच ताण आला असं यावरून छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मुळात घाबरट माणूस जास्त पाहतो, हेही असेल. पण ‘मी तर नुसतं बघतोय, मला काय होतंय’ या समजाला त्यातून धक्का नक्की बसतो. जागेवरचा माणूस काहीतरी करत असतो, कोणाला उचलतो, कोणाला पाणी देतो. दुरून पाहणाऱ्याच्या हाताला काही काम नसतं.

आपल्याकडचंच घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, गोदावरी फुगल्या. धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. परदेशातल्या मराठवाड्याच्या माणसांनी त्या रात्री फोनवर काढल्या. वाहून जाणारी जनावरं, बुडालेली घरं, आणि त्यांत कुठल्या तरी वेगळ्याच वर्षाचे, वेगळ्याच राज्याचे व्हिडिओ मिसळलेले. अशा वेळी माझं सांगणं एवढंच असतं. घरी एक फोन करा. माणसं, जनावरं, छप्पर यांची विचारपूस करा. कोणाला काय लागतं ते विचारा, पैसे पाठवायचे तर पाठवा, पीकविम्याचे किंवा पंचनाम्याचे कागद ऑनलाइन बघून देता येत असतील तर ते काम अंगावर घ्या. नंतर ग्रुप म्यूट करून झोपा. सकाळी पुन्हा एक फोन.

पूर्वी हे मोबाइल नव्हते तेच बरं होतं, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालते. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसं गेली, आणि परदेशी असलेल्यांना आपलं घर उभं आहे की नाही हे कळायला फोनची लाइन लागेपर्यंत तळमळत बसावं लागलं. तो काळ कोणाला परत हवा असेल असं वाटत नाही. मार्च २०२४ मध्ये हिंगोली, परभणी, नांदेडला हादरे बसले तेव्हा ‘आम्ही बरे आहोत’ हा निरोप सातासमुद्रापार काही मिनिटांत पोचू शकला. मोबाइलचे हे उपकार आहेतच. निरोप मिळाल्यावर मात्र फोन खाली ठेवता आला पाहिजे.

तुमच्या पत्रात दादा फक्त फोन उचलण्यापुरते येतात. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना अमेरिकेतून फोन यावा, ‘आई दिसत नाही, घरी बघ’, आणि आई शेजारी हळदीकुंकवाला गेलेल्या असाव्यात. हे दोनदा झालं की भाऊ काही बोलत नाही, तिसऱ्यांदा फोन उचलायला उशीर करतो. वहिनींचा विचार केलात का? स्वयंपाकघरात त्याही वावरतात. तिथे कॅमेरा लावताना त्यांना विचारलं होतं का? ‘आईला चहा उशिरा मिळाला’ असं एखाद्या वेळी तुमच्या तोंडून गेलं असेल तर ते घरात अजून विसरलं गेलेलं नसणार. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेणारा, रात्री उठणारा एक, आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारा दुसरा, अशी वाटणी भावाभावांत फार दिवस चालत नाही. मराठवाड्यात बांधावरून जेवढी भांडणं होतात, तेवढी आता आईच्या औषधांवरून होऊ लागली आहेत असं मला पत्रांवरून वाटतं.

म्हणून स्वयंपाकघरातला कॅमेरा आजच काढायला सांगा. हॉलमधल्याचं आईंना विचारून ठरवा, आणि विचारताना ‘हो’च म्हणायचं आहे असा सूर लावू नका. अंगणातला राहू द्या, चोरचिलटासाठी तो उपयोगाचा आहे. मग दादांना सांगा की यापुढे अमुक कामं माझी. महिन्याच्या गोळ्या मागवणं, तपासणीची तारीख घेणं, रिपोर्ट जपून ठेवणं, वीजबिल, आईंच्या पेन्शनची आणि बँकेची कटकट, धुण्याभांड्याच्या बाईंचा पगार. हे सगळं न्यू जर्सीत बसून होतं. वर्षातून एकदा दादा-वहिनींना आठ दिवस कुठे फिरायला जायला मिळावं म्हणून आईंपाशी राहणाऱ्या कोणाची सोय लावता आली तर उत्तमच. काम हातात असलं की ॲप उघडण्याची तलफ कमी होते, हा अनुभव बऱ्याच जणांनी कळवला आहे.

आईंच्या हातातही मोबाइल आहे, हे विसरू नका. तुम्ही त्यांना पाहता तशा त्याही तुमचं ‘लास्ट सीन’ पाहत असतील. लातुरात दुपारी बाराला तुम्ही व्हॉट्सॲपवर दिसलात की तुमच्याकडे रात्रीचे अडीच वाजलेत, हा हिशेब आयांना बोटांवर येतो. लेकरू झोपत नाही म्हणून त्या काळजीत, त्या दिसत नाहीत म्हणून तुम्ही. सेटिंगमधून दोघांचंही ‘लास्ट सीन’ बंद करता येतं, करून टाका. त्याच बैठकीत अनोळखी नंबरांचे व्हॉट्सॲप कॉल गप्प करण्याची सोयही सुरू करून द्या. पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी असल्याचं सोंग घेऊन व्हिडिओ कॉलवर म्हाताऱ्या माणसांना तासन् तास कोंडून ठेवणारे भामटे आहेत, आणि ‘तुमचा मुलगा परदेशात अडकलाय’ हे वाक्य त्यांना पाठ असतं. याला ते ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, पण भारतीय कायद्यात या नावाचं काही नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं होतं. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करायचा. हा आकडा मोठ्या अक्षरात फ्रीजवर चिकटवायला दादांच्या मुलांना सांगा.

बाकी राहिला व्हॉट्सॲपवरच्या स्टेटसचा त्रास. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लातूर-धाराशिवची माणसं शेतात जातात, आणि तुम्ही ऑफिसात सँडविच खाताना भज्जी, आंबील नि उंड्यांचे फोटो ओळीने बघता. सगळे सुखात, आपणच तेवढे बाहेर, असं वाटतं. जेवणाआधी जागेवरून किंवा वाटणीवरून झालेली कुरबूर स्टेटसला कोणी लावत नाही, एवढं ध्यानात ठेवा. पन्नास जणांचे फोटो चाळण्यापेक्षा एकाला आधी सांगून ठेवा की शेतातून दहा मिनिटं व्हिडिओ कॉल लाव, आणि त्या वेळी पाच पांडवांची पूजा बघा.

तुम्हाला मुलं आहेत का, लिहिलेलं नाही. असतील तर ती तुम्हाला बघून शिकत आहेत. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य सल्लागारांनी, मे २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात म्हटलं आहे की दिवसाला तीन तासांहून जास्त सोशल मीडिया वापरणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असतो. जेवताना वडिलांच्या हातात लातूरचा हॉल उघडा असेल तर त्यांना फोन बाजूला ठेवायला कोणत्या तोंडाने सांगणार?

दोन-तीन आठवडे हे करूनही झोप परत आली नाही, छातीत धडधड, हातपाय गार पडणं, कामात लक्ष न लागणं चालू राहिलं, तर तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे जा आणि कॅमेऱ्याची हकिकतही सांगा. चिंतेवर चांगले उपचार आहेत. फारच असह्य झालं, जीव नकोसा वाटला, तर अमेरिकेत ९८८ वर कोणत्याही वेळी फोन किंवा मेसेज करता येतो. ब्रिटनमधल्या वाचकांसाठी ११६ १२३.

आणि आईंचंही बघा. पडवीत बसणं ही बहुतेक एकांताची गरज असेल. पण जेवण कमी झालं असेल, बोलणं तुटक झालं असेल, ‘अंग दुखतंय’, ‘आता काय राहिलंय’ असं वारंवार येत असेल, तर वडिलांच्या जाण्याचं दुःख आत साचलेलं असू शकतं. म्हातारपणात नैराश्य पुष्कळदा अंगदुखीच्या रूपाने येतं. भारतात १४४१६ ही टेलीमानसची मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोन सेवा चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही मनोविकारतज्ज्ञांना दाखवता येईल. ‘वेड्याच्या डॉक्टरकडे कशाला’ असा सूर घरात निघाला तर झोपेच्या तक्रारीसाठी जातोय म्हणा, तेही खरंच आहे.

रोजच्या फोनची वेळ एकच ठरवा. तुमच्या सकाळी साडेसातला लातुरात संध्याकाळचे पाच वाजतात, आईंची चहाची वेळ. पंधरा मिनिटं बोला, आणि ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का’ एवढ्यावर थांबू नका. वरणफळं कशी करायची ते विचारा, गल्लीत कोणाचं लग्न ठरलं ते विचारा, वडिलांच्या आठवणी निघाल्या तर निघू द्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमच्याकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग तुमचा साडेसातचा फोन लातुरात सहाला वाजेल. हे त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.