आईवडील आणि लहान मुलांसह नांदेडच्या गुरुद्वारा दर्शनाला एक दिवस पुरेल का?

दर्शन एका दिवसात होतं, पण माझं ऐका, एक रात्र मुक्काम कराच. हा गुरुद्वारा म्हणजे तख्त सचखंड श्री हजूर साहिब, शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे प्रमुख धर्मपीठांपैकी एक. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथेच देह ठेवला आणि त्याआधी गुरू ग्रंथ साहिबला गुरुगादी दिली. सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंहांनी बांधवून घेतली.

मुक्काम का, तर संध्याकाळच्या आरतीसाठी. आरतीनंतर गुरूंची शस्त्रं एकेक करून भाविकांना दाखवतात. आमची मुलं तेव्हा अगदी पुढे सरकून, श्वास रोखून बघत होती. पहाटे जाग आली तर गोदावरीचं पाणी घागरीत भरून आणतात, त्या पाण्याने सेवा होते, तेही पाहा.

राहायला यात्री निवास आहेत. सणाच्या दिवसांत मात्र आधी चौकशी करा. डोकं झाकायला सगळ्यांसाठी रुमाल घ्या. लंगरमध्ये पंगतीत जेवा आणि ताटात हवं तेवढंच घ्या. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांसाठी बसायची वेगळी सोय विचारा, सेवादार आपुलकीने मदत करतात. मे महिना टाळा, मराठवाड्याचं ऊन म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही.