लातूरहून परतलेला मुलगा दिवसभर खोलीतच असतो

पत्र : मुलगा २० वर्षांचा. २०२१ ला दहावी झाली, पण परीक्षा न देताच. बारावीनंतर नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लाससाठी लातूरला ठेवला. तिथं टेस्टला बसला की हात थरथरायचे, छाती धडधडायची, पेपर अर्धा टाकून उठायचा. सहा महिन्यांपासून घरीच आहे. पहाटे चारला झोपतो, दुपारी एकला उठतो, कुणाशी बोलत नाही. त्याचे वडील म्हणतात, माज आलाय. मोबाईल काढून घेऊ का? पुन्हा लातूरला पाठवू का? (एक आई, धाराशिव जिल्हा)

ताई, दोन्ही आत्ता नको. आधी एक काम आजच करा. फवारणीची आणि उंदराची औषधं घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. मग लेकराजवळ बसून सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का रे?" विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला तर एकटं सोडू नका. १४४१६ वर टेली-मानसला फोन लावा (मानसिक त्रासासाठीची सरकारी मदतवाहिनी, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात) आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा.

माज नाही हा. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा तो नववीत होता. ती वार्षिक परीक्षा रद्द झाली, पुढच्या वर्षी बोर्डाचीही. भीती वाटत असताना शेवटपर्यंत बसून राहायची सवय ज्या वयात लागते, नेमकी तीच वर्षं गेली. पेपर सोडून उठलं की लगेच बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. वडिलांना हेही सांगा की कोरोनाच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं नोंदवलंय, आणि त्यात तरुण पोरं जास्त भरडली गेली.

सुरुवात झोपेपासून करा, पण रात्रीच्या बाजूनं नाही. दहाला झोप म्हणालात तर तो चारपर्यंत कूस बदलत पडेल आणि आणखी खचेल. उठायची वेळ धरा. चार दिवस साडेबाराला, पुढचे चार दिवस बाराला, असं अर्ध्या अर्ध्या तासानं मागं आणा. सकाळी सातवर यायला सात आठवडे लागतील. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत अंगणात वीस-तीस मिनिटं उजेडात बसू द्या, चहा तिथंच द्या. शेवटचा चहा झोपेच्या आठ तास आधी. रात्री मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला, वडिलांचाही. बहुतेक घरांत हे बिघडतं ते "आज सण आहे, झोपू दे" म्हटल्यानं. एक दिवस उशिरा उठला की घडी पुन्हा विस्कटते.

दुपारी झोपणं कमी झालं की घरीच अर्ध्या तासाचा जुना पेपर. मग गावातल्या अभ्यासिकेत एक तास, मग पूर्ण तीन तास. मार्क मोजायचे नाहीत. नियम एकच, धडधड वाढलेली असताना उठायचं नाही. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. धडधड साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि मग उतरते. ती उतरल्यावर उठला तर चालेल.

मानसोपचारतज्ज्ञांना मात्र या आठवड्यातच दाखवा, सहा महिने फार झाले. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासायचं का, तेही विचारा. गोळ्या दिल्या तर सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा होऊ शकतो, फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात. पुष्कळ जण तिसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून बंद करतात. तसं परस्पर करू नका. या वयात पहिले काही आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवा, जास्त बेचैन वाटला तर लगेच डॉक्टरांना कळवा.

लातूरचा विषय तो तीन तास पूर्ण बसू लागेपर्यंत घरात काढू नका. काढाल तेव्हा नीटची परीक्षा द्यायचीच आहे का, हे आधी त्याला विचारा.