रिकॉल कंपनीने काढला, मग ब्रेकचं बिल मी का भरायचं?

प्रश्न: मी धायरीला राहते. गेल्या वर्षी २०२१ सालची सेकंडहँड गाडी घेतली. 'ही कंपनी म्हणजे डोळे झाकून घ्या' असं सगळेच म्हणाले. गेल्या महिन्यात साताऱ्याहून येताना नवीन कात्रज बोगद्यानंतरच्या उतारावर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं आणि गाडी पुढच्या टेम्पोवर आदळली. आईच्या मनगटाला प्लास्टर घालावं लागलं, टेम्पोवाल्याला ११ हजार दिले. सर्व्हिस सेंटरने ब्रेक बूस्टर (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा पार्ट) बदलून २८,४०० रुपये घेतले. मग कळलं की याच पार्टसाठी कंपनीने आधीच रिकॉल काढला होता, म्हणजे सदोष पार्ट फुकट बदलून द्यायला गाड्या परत बोलावल्या होत्या. सेंटरवाले म्हणतात, 'तुमची गाडी त्यात बसत नाही आणि तुम्ही पहिल्या मालकही नाही.' दाद मागता येईल का? की गाडी विकून मोकळी होऊ?

उत्तर: ताई, दाद नक्की मागता येईल. पण आज सर्वांत आधी सर्व्हिस सेंटरला ईमेल करून काढलेला जुना बूस्टर परत मागा. तो तुमचा आहे, आणि तुमच्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावाही तोच आहे. 'भंगारात गेला' म्हणाले, तर तेही लेखी घ्या.

मग जॉबकार्ड, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना सही केलेला कागद, काढून बघा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर घाईघाईत 'ब्रेक चेक करणे' एवढंच लिहितो आणि आपण सही करतो. तुमच्याही कार्डावर तसंच असेल, तर ईमेलमध्ये घडलेलं सगळं लिहा: तारीख, वेळ, उतार, पेडल कडक झालं, गाडी थांबली नाही. जागेवर काढलेले फोटो असतील तर तेही जोडा.

'पहिल्या मालक नाही' हे उत्तर टिकणारं नाही. रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नाही. आरसी बुकावरचा १७ अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि जे दिसेल त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. गाडी यादीत नसेल, तर का नाही, हे कंपनीकडून लेखी मागा. काउंटरवरच्या माणसाच्या तोंडी उत्तराला किंमत नाही. शिवाय २८,४०० रुपये तुम्ही स्वतः मोजलेत, म्हणजे त्या दुरुस्तीपुरत्या तुम्ही सेंटरच्या थेट ग्राहक आहात. गाडी कितव्या हाताची, हा प्रश्न तिथे येतच नाही.

आता कंपनीच्या नावलौकिकाबद्दल, कारण तुमच्या पत्रात तीच बोच जास्त जाणवली. तो लौकिक फुकटचा नसतो. वर्षानुवर्षं इंजिन त्रास देत नाही, रीसेल चांगली येते, म्हणूनच लोक नाव काढतात. पण आज गाडीतले कितीतरी पार्ट बाहेरचे पुरवठादार बनवतात. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं रसायन उष्णतेने आणि दमटपणाने बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. त्यात होंडा आणि टोयोटासारखी भरवशाची नावंही सापडली. म्हणून नुसता रिकॉल काढला याचा राग मी धरत नाही. दोष कळल्यावर कंपनी काय करते, त्यावर मी तिला जोखते. २०१४ साली टोयोटाने अमेरिकेत १२० कोटी डॉलरचा दंड भरला, तो सुरक्षेच्या तक्रारींबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल होता. तुमच्या बाबतीतही मुद्दा हाच आहे. दोष कंपनीला आधीच माहीत होता, गाडी तिच्याच अधिकृत सेंटरमध्ये आली, तरी तुम्हाला सांगितलं नाही आणि वर पैसे घेतले. हे मला गंभीर वाटतं.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. धोकादायक दोष असेल, तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. कंपनीने स्वतःहून रिकॉल काढला, तर तिला दंड होत नाही. पण ही सूट दंडापुरती आहे, तुमच्या भरपाईला तिचा अडसर नाही.

भरपाईसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. इथे एक बारकावा आहे. उत्पादन दायित्वाखाली, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची कंपनीवर येणारी जबाबदारी म्हणून, आईंची दुखापत, तुमचा मनस्ताप आणि टेम्पोचं नुकसान मागता येतं, पण सदोष वस्तूचं स्वतःचं नुकसान त्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे २८,४०० रुपये सदोष सेवा म्हणून वेगळे मागा. दोन्ही मागण्या एकाच तक्रारीत घाला, आणि कंपनी व सर्व्हिस सेंटर चालवणारा डीलर दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवत बसतील.

गाडीची पूर्ण किंमत मात्र मागू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात वॉरंटीच्या अटी पाहून सदोष पार्ट बदलून देणं पुरेसं मानलं होतं. फुगवलेली मागणी चांगल्या तक्रारीची धार घालवते. तज्ज्ञाचा अहवाल लागला, तर ग्राहक आयोग पार्ट प्रयोगशाळेत पाठवू शकतो, म्हणून तर जुना बूस्टर हवा. तोपर्यंत बाहेरच्या गॅरेजमध्ये ब्रेकला हात लावू देऊ नका. फेरफार केल्याचा बचाव कंपनीला आयता मिळेल.

आधी कंपनी आणि डीलर दोघांना पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. टेम्पोवाल्याकडून ११ हजारांची पावती घ्या, आईंच्या एक्स-रेची आणि औषधांची बिलं लावा. मग पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही इथे राहता, म्हणून कंपनीचं मुख्यालय कुठेही असलं तरी चालतं. मोबदला, म्हणजे तुम्ही मोजलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. कागद लावायला मदत हवी असेल तर ग्राहक पंचायतीकडे जा. ती चळवळ १९७४ साली पुण्यातच उभी राहिली.

विकण्याचं म्हणाल, तर तक्रार निकाली निघेपर्यंत थांबा. गाडीही पुरावाच आहे. नंतर विकलीत, तर घेणाऱ्याला रिकॉलचे आणि दुरुस्तीचे कागद दाखवून विका. तक्रारीला घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, पण भंगारवाला तेवढा थांबत नाही. बूस्टरचा ईमेल आजच पाठवा.