वेडिंग व्हिडिओग्राफी सुरू करायचीय, सगळं बजेट एका चांगल्या कॅमेऱ्यात घालू का?

तुम्ही विचारलंय की फोटोग्राफी चांगली येते, साठवलेले पैसे आहेत, त्यात एक भारीतला कॅमेरा घेऊन लग्नाचे व्हिडिओ करायला लागावं का, रेट कसा ठरवायचा आणि नोकरी कधी सोडायची. मी हेच काम करतो, आधी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली आणि आता स्वतःचं, त्यामुळे जे हाताला लागलंय तेच सांगतो.

सगळे पैसे एका कॅमेऱ्यात घालू नका. त्याच पैशात मधल्या रेंजचे दोन घ्या, आणि शक्यतो एकाच मॉडेलचे. कारण साधं आहे, लग्न एकदाच लागतं, तुमचा कॅमेरा बंद पडला म्हणून कोणी परत उभं राहणार नाही. जाहिरातीच्या शूटला रिटेक असतो, इथे नसतो. एक कॅमेरा ट्रायपॉडवर वाइड, म्हणजे सगळं दृश्य येईल असा लावून चालू ठेवायचा आणि दुसरा हातात, म्हणजे हातातला फोकस चुकला, कोणी मध्ये आलं, लेन्स बदलायची झाली तरी खाली काहीतरी चालू आहे एवढा जिवाला आधार असतो. एकाच मॉडेलचे का, तर बॅटऱ्या एक, चार्जर एक, मेनू एक, आणि एडिटला बसल्यावर दोन्हीचे रंग जुळवत रात्र जात नाही. वेगवेगळ्या कंपनीचे दोन कॅमेरे घेऊन मी पहिलं वर्ष काढलंय, एकात चेहरा पिवळसर यायचा दुसऱ्यात गुलाबी, तो खूप वेळ खाणारा त्रास आहे.

कॅमेरा बघताना मेगापिक्सेल विसरा, व्हिडिओला त्याचा फारसा उपयोग नाही. मी आधी बघतो ते म्हणजे दोन कार्ड स्लॉट आहेत का आणि व्हिडिओ दोन्ही कार्डांवर एकदम रेकॉर्ड होतो का (काहींमध्ये फोटो होतात, व्हिडिओ होत नाही, हे नीट विचारून घ्या). मग सलग किती वेळ रेकॉर्ड होतं. जुन्या बऱ्याच मॉडेलमध्ये २९ मिनिटं ५९ सेकंदांना रेकॉर्डिंग आपोआप थांबतं, ते मुद्दाम ठेवलेलं होतं, कारण ३० मिनिटं किंवा जास्त सलग रेकॉर्ड करणारा कॅमेरा युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा आणि त्यावर आयात शुल्क जास्त लागायचं. फोटोवाल्याला त्याने फरक पडत नाही, पण आपला वाइड कॅमेरा भर विधीत गपचूप बंद होतो. आणि १०-बिट रेकॉर्डिंग असेल तर उत्तम. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात, १०-बिटमध्ये १०२४, त्यामुळे पांढरे कपडे, मागची एकरंगी भिंत, संध्याकाळचं आकाश हे ग्रेडिंग, म्हणजे एडिटमध्ये रंग सुधारणं, करताना फाटत नाही, पट्टे दिसत नाहीत.

सेकंड हँडला लाजू नका. पॅनासॉनिकचा जीएच५ २०१७ चा आहे पण त्यात दोन स्लॉट, कॅमेऱ्यातच १०-बिट आणि रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही, फक्त सेन्सर छोटा म्हणून अंधारात नॉइज (चित्रात दाणे) लवकर येतो आणि चालत्या माणसावर ऑटोफोकस तितका भरवशाचा नाही. सोनीचा ए७एस ३ २०२० चा, अंधारात फार छान चालतो, पण त्याच्या एका बॉडीच्या पैशात मधल्या रेंजच्या दोन येत असतील तर मी सुरुवातीला दोनच घेईन. कुठलाही घ्या, लग्नाला नेण्याआधी घरी उन्हात ठेवून ४के मध्ये तासभर सलग चालवून बघा, गरम होऊन बंद पडतो का ते घरीच कळू दे.

लेन्सला दोन वाक्यं. २४-७० मिमी एफ २.८ ने (एफचा आकडा लहान तेवढा प्रकाश जास्त) निम्म्याच्या वर लग्न होतं, दुसरी लांबची ७०-२०० घ्या कारण विधी चालू असताना तुम्हाला जवळ जाता येत नाही आणि जाऊही नये. एफ ४ स्वस्त पडते पण एफ २.८ मध्ये प्रकाश दुप्पट येतो, अंधाऱ्या हॉलमध्ये तेवढ्यानेच वाचतो माणूस.

आता आवाज, हे मात्र नीट वाचा. लोक हललेला शॉट बघून घेतात पण आवाज नीट ऐकू आला नाही तर व्हिडिओ बंद करतात. कॅमेऱ्यावरचा माइक लांबून घेतो तेव्हा हॉलचा घुमारा, खुर्च्या, शेजारच्याचा खोकला सगळं त्यात येतं, वर आवाज उशिरा पोचतो ते वेगळं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम्सवर तुम्ही १४ मीटर लांब उभे असाल तर ओठ आणि शब्द यात एका फ्रेमचा फरक पडलेला असतो. त्यामुळे बोलणाऱ्याच्या अंगावर कॉलर माइक लागतोच, हनुवटीपासून एक वीत खाली, कापडाला घासणार नाही असा.

पण वायरलेस माइक एकटा पुरत नाही, हे मी एका लग्नात शिकलो. नवरदेवाला कॉलर माइक लावला, टेस्ट केला, हेडफोनमध्ये एकदम स्वच्छ आवाज. विधीच्या आधी एक काका आले आणि त्याला घट्ट मिठी मारली, त्यात माइकच्या क्लिपवरचं म्यूटचं बटण दाबलं गेलं. मी तेव्हा हेडफोन काढून गिम्बल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं हँडल) घेऊन फिरत होतो. पुढची २२ मिनिटं, त्यात दोघांनी एकमेकांसाठी लिहून आणलेलं सगळं बोलणं, माझ्या ट्रॅकवर सपाट रेघ. रात्री लॅपटॉपवर ती रेघ बघितली तेव्हा पोटात गोळा आला. वाचलो ते एवढ्यामुळे की स्पीकरच्या स्टँडजवळ सवय म्हणून एक छोटा रेकॉर्डर ठेवला होता, आवाज तितका गोड नव्हता पण शब्द न् शब्द होता. तेव्हापासून माझ्याकडे आवाजाचे नेहमी तीन रस्ते असतात, अंगावर माइक जो स्वतःतही रेकॉर्ड करतो, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून रेकॉर्डरमध्ये घेतलेली लाइन, आणि वाइड कॅमेऱ्यावरचा माइक जो फक्त सिंक करायला, म्हणजे आवाज चित्राशी जुळवायला. बटण लॉक करता येतं, ते लॉक करूनच माणसाला सोडायचं. आणि विधी चालू असताना कान हेडफोनमध्येच.

स्वतःत रेकॉर्ड करणारा माइक का म्हणतो तर बरेच वायरलेस सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच, हॉलमध्ये २०० माणसं २०० फोन घेऊन बसली की सिग्नल तुटायला लागतो, मध्ये माणूस उभा राहिला तरी तुटतो. आतलं रेकॉर्डिंग तुटत नाही. ३२-बिट फ्लोटवालं मिळालं तर घ्याच, लेव्हल सेट करायला चुकलात आणि कोणी एकदम ओरडून बोललं तरी नंतर खाली आणता येतं. सगळ्या रेकॉर्डिंगचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झवर ठेवा म्हणजे सिंकला भानगड नाही.

लाइटचं एक. हल्ली सगळीकडे एलईडी, ते डोळ्याला स्थिर दिसतात पण कॅमेऱ्यात काळे पट्टे वरखाली सरकताना दिसतात. जिथे वीज ५० हर्ट्झची तिथे शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद, जिथे ६० ची तिथे १/६० किंवा १/१२०, बहुतेक वेळा यात भागतं. स्लो मोशनसाठी शटर वाढवलं की पट्टे परत येऊ शकतात म्हणून हॉलमध्ये लवकर जाऊन दोन मिनिटं प्रत्येक सेटिंगवर भिंतीचा शॉट घ्या आणि मोठा करून बघा, एडिटला गेल्यावर ते काढणं फार अवघड.

गिम्बल नंतर घ्या, मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) आधी. ड्रोनचं म्हणाल तर तिथले नियम, परवानगी आणि विमा नीट बघितल्याशिवाय क्लायंटला शब्द देऊ नका, गरज पडली तर ड्रोनवाला वेगळा बोलवा.

कार्ड आणि बॅकअपबद्दल मी फार कडक आहे. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात जेमतेम पावणेतीन तास. दोन कॅमेरे मिळून सहा तासांचं फुटेज झालं तर २७० जीबी, त्याच्या दोन कॉपी म्हणजे ५४० जीबी, हा हार्ड डिस्कचा खर्च रेट ठरवताना लोक धरतच नाहीत. माझी पद्धत अशी, लग्न संपलं की घरी येऊन कितीही वाजलेले असू देत, आधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, नुसतं ओढून टाकणं नाही तर जे सॉफ्टवेअर कॉपी पडताळून बघतं त्यातून, मग प्रत्येक क्लिप उघडून सुरुवात आणि शेवट बघायचा, आणि एक डिस्क दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी. कार्ड लगेच फॉरमॅट करायचं नाही. वापरलेलं कार्ड पाकिटात उलटं ठेवतो, लेबल खाली, म्हणजे गडबडीत रिकामं समजून परत घातलं जात नाही.

एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन सुरुवातीला पुरे. लॅपटॉप अडकत असेल तर नवीन घेण्याआधी प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) बनवून काम करून बघा. गाण्यांचं मात्र सांभाळा, क्लायंट म्हणेल आमचं आवडतं गाणं टाका, पण हक्क नसलेलं गाणं टाकून युट्यूबवर चढवलं की कंटेंट आयडी, म्हणजे युट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा, ते पकडते, आणि तुमच्या नावाने तो व्हिडिओ फिरत असतो. लायसन्सवालं म्युझिक सबस्क्रिप्शन घ्या आणि तो खर्च धंद्याचा धरा.

आता रेट. शेजारचा किती घेतो ते बघून ठरवू नका, स्वतःचे तास मोजा. माझं एका लग्नाचं असं होतं, शूट १० तास, तयारी आणि प्रवास ५, बॅकअप २, एडिट ३५, भेटी फोन बदल ६, म्हणजे ५८ तास. क्लायंटला त्यातले १० दिसतात. पुढे सामानाचा हिस्सा, समजा वर्षाला २५ लग्नं आणि सामान तीन वर्षं चाललं तर ७५ लग्नं, सगळ्या सामानाची किंमत भागिले ७५, तेवढे प्रत्येक लग्नातून बाजूला निघालेच पाहिजेत. ते निघत नसतील तर तुम्ही कमवत नाही आहात, तुमचा कॅमेरा हळूहळू विकताय.

करार लेखी हवा, ओळखीचे असले तरी, खरं तर ओळखीचे असले की जास्तच हवा. तारीख धरायला किती ॲडव्हान्स आणि रद्द झालं तर तो परत मिळणार की नाही, किती तासांचं शूट, काय देणार (हायलाइट किती मिनिटांची, पूर्ण विधी वेगळा की नाही), किती दिवसांत, किती वेळा बदल करून देणार, रॉ (एडिट न केलेलं) फुटेज देणार का, डेटा किती महिने ठेवणार, आणि तुम्ही आजारी पडलात तर कोण येणार. माझ्या एका सुरुवातीच्या कामात बदलांचा आकडा लिहिला नव्हता, त्या फिल्मचे नऊ ड्राफ्ट झाले, त्यांची काही चूक नव्हती, मी सांगितलंच नव्हतं. आता दोन वेळा फुकट, पुढे तासावर, आणि खरं सांगतो दोनच्या पुढे हल्ली क्वचितच जातं कारण लोक सगळे बदल एकत्र लिहून पाठवतात. उरलेले पैसे फायनल फाइल देण्याआधी घ्या, आधी वॉटरमार्क टाकून दाखवा.

लग्नाआधी फोटोग्राफरला फोन करा, हे कोणी सांगत नाही. तुम्ही दोघं दिवसभर एकमेकांच्या फ्रेममध्ये येणार, कोण कुठे उभं राहणार एवढं आधी बोललात तर अर्धी भांडणं मिटतात, आणि पुढची कामं बऱ्याचदा त्यांच्याकडूनच येतात.

तुम्ही फोटोवाले आहात म्हणून हेही सांगतो, फोटोतला माणूस क्षण टिपून पुढच्या अँगलला पळतो. व्हिडिओत थांबावं लागतं. कोणी डोळे पुसले की लगेच हलू नका, दहा सेकंद तसाच धरा, डोळे पुसणारी व्यक्ती रुमाल कुठे ठेवते, शेजारचा काय करतो, पुढे कामाला येतं ते सगळं त्या दहा सेकंदांत असतं. हे शिकायला स्वतःचं काम घ्यायच्या आधी कोणाबरोबर तरी सेकंड शूटर म्हणून आठ-दहा लग्नं करा, सामान भाड्याने घेऊन. कुठली लेन्स खरंच लागते ते तिथे कळतं.

नोकरी आत्ता सोडू नका. बहुतेक लग्नं सुट्टीच्या दिवशी असतात, एडिट रात्री होतं, पहिलं वर्ष असं निघतं, दमायला होतं पण निघतं. ज्या दिवशी पुढच्या सीझनचे ॲडव्हान्स खात्यात जमा असतील आणि शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढलेला असेल, त्या दिवशी राजीनामा द्या. आणि ॲडव्हान्सचे पैसे काम होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवा, त्यातून लेन्स घेऊ नका.