सुरक्षेचा तास वेगळा ठेवू नकोस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा मिळाला, सावकाश वाचला. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत बालसुरक्षेवर बोलायला उभं राहायचं म्हणजे दडपण येणारच. तरी तू अंग चोरलं नाहीस, याचं मला फार बरं वाटलं.

आराखड्यात तू वर्षभराचे दिवस छान मांडलेस. जुलैत सर्पदंश, जानेवारीत रस्ता सुरक्षा, बालदिनाला स्पर्शाबद्दल एक व्याख्यान, मध्ये एकदा अग्निशमनाचं प्रात्यक्षिक. विस्तार अधिकाऱ्यांना हे आवडेल, फोटोही निघतील. पण इतकी वर्षं शाळा पाहून माझं जे मत झालंय ते तुला स्पष्ट सांगते. मुलाला काही खटकलं तर ते बोलू शकतं का, आणि ते बोललं तर शाळेतलं मोठं माणूस ऐकून घेतं का, यावर त्याची सुरक्षा ठरते. ही सवय लागते ती रोजच्या मराठीच्या, गणिताच्या, परिसर अभ्यासाच्या तासात. ती तिथे लागली नसेल, तर बालदिनाच्या व्याख्यानाने काही होणार नाही.

16 जुलै 2013 ला बिहारमध्ये, छपऱ्याजवळच्या गंडामन गावातल्या प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण जेवून 23 मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. जेवणाची चव वेगळी लागतेय असं मुलांनी सांगितलं होतं, तेलाबद्दल स्वयंपाकीणबाईंनाही शंका आली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. मी ती बातमी वाचली तेव्हापासून पोषण आहाराच्या चव नोंदवहीकडे माझं बघणंच बदललं. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची हा नियम आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. महिन्याच्या शेवटी एकदम तीस सह्या कशा ठोकल्या जातात, हेही ठाऊक आहे. तू रोज चव घे आणि मुलांच्या देखत घे. एखादं मूल "सर, आज खिचडी कशीतरीच लागतेय" म्हणालं, तर "गप खा, घरी काय पंचपक्वान्नं मिळतात का" हे वाक्य तुझ्या शाळेत कोणाच्याही तोंडी येता कामा नये. त्या मुलाच्या ताटातला घास आधी स्वतः खाऊन बघ. तेल, डाळ, तांदूळ जिथे ठेवतोस तिथे फवारणीचं औषध, फिनेल, रॉकेल यांतलं काहीही नको, रिकामा डबासुद्धा नको.

तारीख तीच, साल 2004. तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून उठलेली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि 94 मुलं दगावली. बाहेर पडायला अरुंद जिना होता. म्हणून तुझं अग्निशमनाचं प्रात्यक्षिक मला हवंच आहे, पण त्याआधी शाळेच्या दोन्ही वर्गांची दारं बाहेरच्या बाजूला उघडतात का, मागच्या दाराला कुलूप कोण लावतं आणि किल्ली कोणाच्या खिशात असते, हे बघ. गॅसची टाकी वर्गाच्या भिंतीला टेकलेली असेल तर ती आजच हलव.

आता अभ्यासक्रमाकडे येते. परिसर अभ्यासात तिसरीला नकाशा येतो. मुलांना शाळेचा आणि येण्याजाण्याच्या वाटेचा नकाशा काढायला लाव, आणि जिथे भीती वाटते तिथे लाल खुणा करायला सांग. मी केंद्रप्रमुख असताना एका शाळेत हे करून घेतलं होतं. आम्हा मोठ्यांना वाटलं, मुलं ओढा आणि डांबरी रस्ता दाखवतील. त्या खुणा होत्याच. पण सर्वांत जास्त लाल खुणा शाळेच्याच शौचालयावर होत्या. आतून कडी नव्हती. मुली एकमेकींना दाराशी उभं करून जात, आणि सोबत मिळाली नाही तर दिवसभर पाणीच पीत नसत. शौचालय आहे आणि ते वापरात आहे, असं आमच्या सगळ्या माहितीपत्रकांत लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सुताराने कडी बसवली. हा नकाशा दर सत्रात काढून घे, कारण भीतीच्या जागा बदलतात. पावसाळ्यात शेततळं भरतं, ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर वाढतात, एखाद्या वळणावर नवा माणूस बसायला लागतो.

भाषेच्या तासाला "काल काय घडलं ते क्रमाने सांग" हा साधा उपक्रम असतो. कोण होतं, कुठे, कधी, आधी काय झालं, मग काय. मला तो सुरक्षा शिक्षणाचा सर्वांत मोठा धडा वाटतो. ज्या मुलाला बैल उधळल्याची हकिगत नीट सांगता येते, त्याला उद्या आपल्यावर बेतलेलंही सांगता येईल. त्याच तासात शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं आली पाहिजेत, लिंग, योनी, गुद, छाती हीसुद्धा, डॉक्टर जशी घेतात तशी. सुरुवातीला मुलं हसतील. तू हसू नकोस, रागावूही नकोस, नाक-कान म्हणतोस त्याच आवाजात म्हण.

स्पर्शाबद्दल मुलाला कसं वाटलं यावर सगळं सोपवू नकोस. लाड करत, खाऊ देत केलेला गैरप्रकार लहान मुलाला वाईट वाटेलच असं नाही, आणि इंजेक्शन मात्र नक्की वाईट वाटतं. त्याला सरळ नियम दे. चड्डी-बनियनने झाकलेले भाग कोणी बघायचे नाहीत, हात लावायचा नाही, आपल्याला त्यांच्या त्या भागांना हात लावायला सांगायचं नाही, तसले फोटो-व्हिडिओ दाखवायचे नाहीत. लहानग्याला आई अंघोळ घालते किंवा घरचं माणूस सोबत असताना डॉक्टर तपासतात, ते वेगळं. कोणी नियम मोडला तर तिथून निघायचं आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला, त्यानेही नाही तर तिसऱ्याला. "हे आपल्या दोघांचं गुपित" असं कोणी म्हणालं तर ते गुपित पाळायचं नाही.

हे मुलग्यांनाही तितक्याच गंभीरपणे शिकव. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या 12,447 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी, 53.22 टक्क्यांनी, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत निम्म्याहून किंचित जास्त मुलगे होते. बहुतेकांनी तोवर कोणालाच काही सांगितलं नव्हतं. आपल्याकडे बाईंनी मुलींना वेगळं बसवून चार गोष्टी सांगायच्या आणि तेवढ्या वेळात मुलांनी मैदानावर कबड्डी खेळायची, अशी पद्धत पडली आहे. ती मोड. अनोळखी माणसाचा बागुलबुवाही उभा करू नकोस. मुलांवरच्या बलात्काराच्या, पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा निघतो. काका, शेजारी, शिकवणीचे सर, कधी घरातलंच माणूस. मुलांना माणसाचं नाव-नातं न सांगता वागणूक ओळखायला शिकव.

इथेच आपल्या परिपाठाबद्दलही बोलते, तुला कदाचित पटणार नाही. मोठ्यांचं सगळं निमूट ऐकणाऱ्या मुलाची गोष्ट आपण बोधकथेत सांगतो, हाताची घडी आणि तोंडावर बोट हे शिस्तीचं रूप मानतो, आणि मग त्याच मुलाने मोठ्या माणसाला "नाही" म्हणावं अशी अपेक्षा करतो. हे जमत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली ती 1 एप्रिल 2010 पासून, तरी छडी अजून काही कपाटांत आहे. मार खाणारं मूल एक गोष्ट पक्की शिकतं, की मोठ्या माणसाने शरीराला काहीही केलं तरी ते सहन करायचं असतं. तुझ्या वर्गात गणित चुकल्यावर मूल न घाबरता "सर, मला नाही कळलं" म्हणत असेल, तर सुरक्षा शिक्षणाचा निम्मा पाया तयार आहे.

एक दिवस कोणीतरी येऊन तुला सांगेल. मधल्या सुट्टीत, वही तपासून घेताना, अगदी तुटक. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेव. "तू सांगितलंस ते चांगलं केलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढं बोल. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नकोस, ते तुला पाळता येणार नाही. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नकोस, ज्याचं नाव घेतलं त्याला समोर बोलावू नकोस. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहून ठेव आणि पोलिसांना कळव. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, 112 आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. त्याच्या कलम 19 नुसार कळवणं हे प्रत्येकावर बंधन आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. पोलिसांनी मुलाचा जबाब घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, गणवेश न घालता, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, हे कलम 24 मध्ये आहे. पालकांना हे सांग, त्यांची निम्मी धास्ती पोलीस ठाण्याच्या पायरीचीच असते.

गाव म्हणेल, आपसात मिटवू, पोरीच्या लग्नाचं बघा, शाळेची बदनामी होईल. सरपंच चांगला माणूस असेल, तोही म्हणेल. तेव्हा तू एकटा पडशील. म्हणून मुख्याध्यापकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी हे आत्ताच, काही घडलेलं नसताना बोलून ठेव. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यांतल्या दोघी-तिघी आयांना कायदा नीट समजावून सांग. आणि मुलाचं नाव, गाव, वर्ग, काहीही शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाता कामा नये. ओळख उघड होईल असं काही पसरवणं गुन्हा आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला काय झालं ते तुला आठवत असेल. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतच लैंगिक अत्याचार झाला. मुलीने घरी सांगितलं, घरच्यांनी विश्वास ठेवला, आणि तरी गुन्हा नोंदवायला त्यांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे शाळेच्या व्यवस्थापनावरही न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. लोक रुळांवर उतरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 21 ऑगस्टला, शासन निर्णय आला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, समित्या. शाळेतल्या मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती तर मार्च 2022 च्या शासन निर्णयापासून अपेक्षित होती. हे सगळं हवंच. पण पहिलीतल्या मुलाला चिठ्ठी लिहिता येत नाही, हे तक्रारपेटी बसवणाऱ्याच्या लक्षात यायला हवं. तू पेटीजवळ कोरे कागद आणि रंगीत खडू ठेव, चित्र टाकलं तरी चालेल असं सांग. आठवड्याच्या ठरलेल्या वारी ती समितीतल्या एका आईसमोर उघड. आलेल्या प्रत्येक गोष्टीचं काय केलं ते मुलांना सांग, "चेंडू हवा" अशी चिठ्ठी असली तरी. चेंडूचं उत्तर मिळालं नाही, तर मोठं दुःख त्या पेटीत कोणी टाकणार नाही.

पाणी आणि साप यांवर थोडक्यात लिहिते, कारण ते तू बरंच नीट घेतलंस. कोणी बुडत असेल तर उडी मारायची नाही. ओरडायचं, दोर, काठी, ओढणी, रिकामा कॅन, हाताला लागेल ते फेकायचं. हे विहिरीच्या चित्रावर नको, मैदानावर करून घे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही चार नावं मुलांना पाठ असतील. मण्यारीबद्दल एवढं जोड, की ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. सकाळी पोट दुखतंय, पापण्या जड होताहेत, बोलायला जड जातंय, अशी लक्षणं दिसली तर पोटदुखीची गोळी देऊन थांबू नये. 108 ला फोन, चावलेला भाग हलवायचा नाही, आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे जाण्यात वेळ घालवायचा नाही. तुझ्या गावापासून प्रतिसर्पविष मिळणारं सर्वांत जवळचं रुग्णालय किती लांब आहे, तिथे पोचायला पावसाळ्यात किती वेळ लागतो, हे चौथीच्या मुलांना गणित म्हणून सोडवायला दे. उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लाव.

परिषदेत तुला वीसेक मिनिटं मिळतील. त्यांत दिवसांची यादी वाचू नकोस. मुलांनी काढलेले नकाशे घेऊन जा आणि ते टेबलावर पसरून ठेव. जुनी माणसं विचारतील, एवढ्या अहवालांत हे अजून एक कशाला. त्यांना म्हण, एक रकानाही नवा नको, फक्त आपापल्या शाळेत हा नकाशा काढून घ्या आणि पुढच्या परिषदेला घेऊन या. तू लिहिलेला बालदिनाचा कार्यक्रमही राहू दे. त्या दिवशी मुलांऐवजी पालकांना बोलाव, वडिलांना आवर्जून, आणि संध्याकाळी मजुरीवरून परतल्यावरची वेळ ठेव. मी येईन. तालुक्याहून पाचची एसटी अजून सुटते का, तेवढं कळव.

तुझी,
बाई