गेम चिवड्याच्या भावात, पॅक सोन्याच्या: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

नकाशावरचं एक राज्य उचलायचं आणि शतकानुशतकं चालवायचं, हा ग्रँड स्ट्रॅटेजी गेमचा खेळ. या वेळच्या बहुतेक नागपूरकर पत्रांत रड मात्र एकच आहे, डीएलसीची. म्हणजे मूळ गेमवर वरून विकत घ्यायचे वाढीव पॅक.

भाऊ, युरोपा युनिव्हर्सालिस ४ सेलमध्ये भेटला, एकदम स्वस्त. मग स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरच्या पानावर खाली गेलो तर पॅकची ही लांब यादी! सगळे घ्याचे म्हटले तर नवा मोबाइल येते. कोणते घेऊ? (महाल)

आत्ता एकही घेऊ नका.

हा गेम ऑगस्ट २०१३चा. त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ पॅक येतच राहिले. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीची पद्धत अशी, की विकतच्या मोठ्या पॅकसोबत एक फुकट पॅच, म्हणजे गेमचं अपडेटही येतो आणि तो सगळ्यांना मिळतो. त्यामुळे आज तुमच्याकडे आहे तो नुसता मूळ गेमसुद्धा २०१३चा राहिलेला नाही. सरदार, पुरोहित, व्यापारी यांना राजी ठेवायची ‘इस्टेट्स’ची भानगड घ्या. ती २०१५मध्ये ‘द कोसॅक्स’ या विकतच्या पॅकमधून आली आणि २०२०च्या पॅचपासून सगळ्यांना फुकट झाली.

लोक चिडले ते उगीच नव्हे. जून २०१५मध्ये ‘कॉमन सेन्स’ आला. फुकट पॅचमधून प्रत्येक प्रांताला कर, उत्पादन आणि मनुष्यबळ असे तीन आकडे मिळाले, पण पॉइंट खर्चून ते आकडे वाढवायचं बटण विकतच्या पॅकमध्ये गेलं. ज्याचं राज्य मोठ्या शेजाऱ्यांत अडकलेलं, त्याला जमीन वाढवता येईना आणि आहे ती जमीन सुधारताही येईना. पॉइंट साचून वाया. हे म्हणजे घरात नळ बसवून द्यायचा आणि तोटीचे पैसे वेगळे मागायचे.

पुढे काही जुने पॅक मूळ गेममध्येच मिसळले गेले. म्हणून ‘हे पाच घेतल्याशिवाय खेळूच नका’ असं सांगणारा जुना व्हिडिओ पाहून पैसे भरू नका. तो पॅक आज वेगळा विकायला आहे का, हे आधी स्टोअरवर बघा.

मग करायचं काय? गेम ११ नोव्हेंबर १४४४ला सुरू होतो. आपलाच मुलूख घ्या, गोंडवाना. दक्षिणेला बहमनी, पश्चिमेला माळवा, पूर्वेला ओडिशा, सगळे तुमच्यापेक्षा दांडगे. पॅकशिवाय १५५०पर्यंत टिकून दाखवा. कुठे अडलं, ते वहीत टिपत जा. त्या अडचणीवर ज्या पॅकमध्ये उत्तर आहे तेवढाच घ्या, तोही सेलमध्ये. भारतातच खेळणार असाल तर तो बहुधा सप्टेंबर २०१८चा ‘धर्मा’ निघेल. भारतीय राज्यांची मिशन (पूर्ण करायची उद्दिष्टं) आणि ट्रेड कंपनीतली गुंतवणूक त्यात आहे. स्वीडन घेऊन खेळणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

पॅकच्या नावाखालचा शब्दही वाचा. ‘एक्स्पान्शन’मध्ये खेळाचे नियम वाढतात, ‘इमर्शन पॅक’ एखाद्या प्रदेशापुरता असतो. ‘म्युझिक’ किंवा ‘युनिट’ असं लिहिलं असेल तर ती नुसती सजावट. सजावटीला एक रुपयाही घालू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

महिन्याचं सबस्क्रिप्शन परवडतं का? (त्रिमूर्तीनगर, बारावी)

युरोपा ४ला आणि याच कंपनीच्या हार्ट्स ऑफ आयर्न ४ आणि स्टेलारिस या गेमना ते आहे. म्हणजे फी भरली की महिनाभर पॅक वापरता येतात. तुम्हाला हवे असलेल्या पॅकची सेलमधली बेरीज करा आणि तिला महिन्याच्या फीने भागा. उत्तर चौदा आलं आणि तुम्ही वर्षातून फक्त उन्हाळ्याचे दोन महिने खेळत असाल, तर सात वर्षांनी खरेदी बरोबरीत येईल. म्हणजे सबस्क्रिप्शनच घ्या. पैसे भरल्या दिवशीच ऑटो-रिन्यूअल बंद करा, भरलेला महिना तरीही पूर्ण मिळतो. पॅकच्या जोरावर उभं केलेलं राज्य पॅक गेल्यावर लुळं पडतं, तेव्हा चालू डाव मुदतीच्या आत संपवा.

आम्ही होस्टेलवर चौघं आहोत. चौघांनीही तेच पॅक घ्यायचे का? (हिंगणा रोड)

अजिबात नाही! या कंपनीच्या बहुतेक ग्रँड स्ट्रॅटेजी गेममध्ये जो होस्ट करतो, म्हणजे डाव उघडून बाकीच्यांना आत घेतो, त्याचे पॅक त्या डावापुरते सगळ्यांना लागू होतात. वर्गणी काढा, पॅक एकाच्या खात्यावर घ्या, बाकी तिघांकडे मूळ गेम असला की झालं. गणवेशासारखी सजावट मात्र अशी वाटली जात नाही.

होस्ट निवडताना पॅक पाहाल, तसं त्याचं इंटरनेटही पाहा. चौघांची आवृत्ती आणि चेकसम जुळला पाहिजे. युरोपा ४मध्ये चेकसम म्हणजे मुख्य स्क्रीनवर आवृत्तीशेजारी दिसणारी चार अक्षरं. ती जुळत नसतील तर बहुतेक वेळा कोणाकडे तरी एखादा मॉड, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेला बदल, चालू राहिलेला असतो. लाँचरमधल्या प्लेसेटमध्ये, म्हणजे मॉडच्या यादीत जाऊन सगळे मॉड काढा आणि पुन्हा बघा. डाव मध्येच ‘आउट ऑफ सिंक’ झाला, म्हणजे सगळ्यांच्या मशीनवर सारखा राहिला नाही, तर तसाच रेटू नका. होस्टने सेव्ह करून नव्याने होस्ट करावं. आणि वेग सगळ्यांत मंद लॅपटॉपवर ठरतो, त्यासाठी मित्राला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

दादाकडे गेम आणि सगळे पॅक आहेत. स्टीम फॅमिलीतून मला चालतील का? (धरमपेठ)

चालतील, पण दादाची प्रत तुम्ही चालवत असाल तरच. स्वतःच्या खात्यावर मूळ गेम घेऊन त्याला दादाचे पॅक जोडता येत नाहीत. एका प्रतीवर एका वेळी एकच जण खेळतो, त्यामुळे दादा खेळत असेल तर तुम्ही थांबायचं. फॅमिलीत जास्तीत जास्त सहा जण, तेही एकाच घरातले असावेत असा नियम आहे. मित्राला आत घेण्याआधी विचार करा, कारण जागा सहजी बदलता येत नाही.

पॅक आवडला नाही तर पैसे परत मिळतात? (कामठी)

स्टीमवर मिळतात. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि पॅक घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी चालला असेल तर. लोक फसतात ते इथेच. गेम पॉजवर ठेवून जेवायला गेलात तरी ते घड्याळ थांबत नाही. म्हणून पॅक घेतल्यावर सरळ त्याचंच राज्य उघडा, नवीन बटणं दाबून बघा आणि तासाभरात निर्णय घ्या. पावणेचार शतकांच्या खेळात दोन तास म्हणजे पहिली दहा-वीस वर्षं.

मे महिन्यात १७०० साल उलटलं की गेम रखडतो. ग्राफिक्स कमी केले, फरक नाही. (सदर)

पडणारच नाही. शेकडो राज्यांचा रोजचा हिशेब प्रोसेसर करतो, ग्राफिक्स कार्डचा त्यात हात नाही. साल पुढे जाईल तशा फौजा वाढतात आणि हिशेबही वाढतो. त्यात बाहेर पंचेचाळीस अंश. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तेच तुम्हाला रखडणं वाटतं.

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १००वरून ९९ टक्के करा. त्याने बहुतेक लॅपटॉपचा टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो आणि तापमान बरंच खाली येतं. वरचा वेग थोडा जातो, पण जो उरतो तो टिकतो. ऑटोसेव्ह दरमहाऐवजी दरवर्षी ठेवा, दर एक तारखेचा झटका जाईल. गेमचा वेग पाचवरून तीनवर आणा. लॅपटॉपची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला आणि पंख्यातली धूळ काढून घ्या.

कूलरबद्दल एक सांगायला हवं. खोली थंड करायला कूलर उत्तम, पण लॅपटॉप त्याच्या झोतात ठेवू नका. वाळ्याच्या किंवा गवताच्या पडद्यातून ओली हवा येते, कधी तुषारही उडतात. आतल्या धुळीला ओल लागली की जाळ्यांवर तिचा लगदा बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात लॅपटॉप आणखी तापतो. कूलर दारात, लॅपटॉप आडभिंतीला.

अपडेट आलं आणि दोन महिन्यांचा डाव उघडेना. (गोकुळपेठ)

स्टीम लायब्ररीत गेमवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग बेटाज. तिथल्या यादीतून डाव सुरू केला तेव्हाची आवृत्ती निवडा, ती उतरली की सेव्ह बहुधा उघडेल. नव्या आवृत्तीत उघडून त्यावरच पुन्हा सेव्ह केलं असेल तर मात्र अवघड आहे. म्हणून मोठा पॅक येणार असं कळलं की डॉक्युमेंट्समधल्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हच्या फोल्डरमधून ‘सेव्ह गेम्स’ची कॉपी दुसरीकडे ठेवा. फोल्डर सापडत नसेल तर वनड्राइव्हमध्ये बघा. विंडोज बऱ्याचदा डॉक्युमेंट्स गुपचूप तिकडे हलवतं.

बाहेरच्या साइटवर पॅकच्या ‘की’ (पॅक चालू करायचे कोड) अर्ध्या किमतीत दिसतात. घेऊ? (इतवारी)

ही ‘की’ कुठून आली याचा पत्ता नसतो. चोरीच्या कार्डावरची निघाली तर रद्द होते, पैसे बुडतात आणि स्टीमचा परतावा त्याला लागू नाही. स्वस्तातच हवं असेल तर स्टीमच्या वर्कशॉपवरचे मॉड फुकट आहेत. हार्ट्स ऑफ आयर्न ४वरचा ‘कायझररायश’ पहिलं महायुद्ध जर्मनीने जिंकलं असं धरून चालतो आणि कित्येक विकतच्या पॅकपेक्षा भरगच्च आहे.

आता युरोपा ५ आला. मग ४चे पॅक घेण्यात अर्थ आहे का? (मानेवाडा)

नोव्हेंबर २०२५मध्ये आलेला पाचवा १३३७पासून सुरू होतो आणि मशीनही दणकट मागतो. जुन्या लॅपटॉपवर त्याच्या नादी लागू नका. शिवाय त्याच्या पॅकची रांग आत्ता कुठे सुरू होते आहे, चौथ्याची जवळपास संपली. चौथा आवडत असेल तर पुढच्या मोठ्या सेलमध्ये, म्हणजे जूनअखेर किंवा डिसेंबरात, त्याचं बंडल, म्हणजे पॅकचा एकत्र गठ्ठा, बघा. तुमच्याकडे आधीच असलेल्या पॅकची किंमत बंडलमधून वजा होते. त्यामुळे सुटा पॅक उचलण्याआधी बंडलचा आकडा शेजारी ठेवून बघा, कधीकधी तीन सुट्या पॅकच्या पैशात उरलेलं सगळं येतं.