"मला सही येत नाही, मी शाळेत येऊन काय करू?"

"ताई, मला काळं अक्षर कळंना. म्या शाळेत येऊन काय करू?"

बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवर, घराच्या ओट्यावर बसून आजींनी मला हे विचारलं. नातू चौथीत. दिवाळीनंतर सकाळी दप्तर घेऊन निघायचा आणि दुपारी शेळ्यांमागं दिसायचा. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले. दोघं मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला नवराबायकोची एक जोडी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, ते परतणार नव्हते. गुरुजी म्हणत होते, घरचं लक्ष नाही. आजी म्हणत होत्या, पोराचं डोकंच चालत नाही.

हा प्रश्न मला शहरातही भेटतो. मुलाला इंग्रजी शाळेत घातलेले आईवडील मान खाली घालून सांगतात, आम्हाला त्यातलं काही येत नाही. त्या सगळ्यांसाठी ही गोष्ट लिहिते आहे.

पोरगा दोन भेटींत एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या वेळी मी त्याच्यासोबत करडाला पाला चारत बसले, तेव्हा खाली बघतच म्हणाला, "गृहपाठावर पालकाची सही लागते. आजीला येत नाही. मग वर्गात उभं राहावं लागतं."

एवढंच कारण होतं. डोकं शाबूत होतं आणि घरचं लक्षही होतं.

हे ऐकून गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. माणूस वाईट नव्हता. चार इयत्ता आणि शिक्षक दोन, त्यात सहीचा नियम सरसकट लावला गेला होता. "बोलावलं तरी कुणी येत नाही हो," ते म्हणाले. मी विचारलं, किती वाजता बोलावता? सकाळी अकराला. त्या वेळी आजी दुसऱ्याच्या रानात खुरपायला. आणि बोलावणं यायचं ते फक्त तक्रारीसाठी. अशा बोलावण्याला मीसुद्धा गेले नसते.

पुढची बैठक दिवेलागणीनंतर पारावर ठेवली. मी गुरुजींना एकच विनंती केली होती: मुलाला काय येत नाही ते आज सांगू नका, आजींना काय येतं ते विचारा. आजी आधी लाजल्या. मग धान्याच्या मापांवर गाडी आली आणि त्या थांबेचनात. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. चौथीला तेव्हा अपूर्णांक चालू होते. गुरुजींनी त्यांना मापं घेऊन वर्गात बोलावलं. चिपटं म्हणजे पाव शेर, हे त्या दिवशी मुलांनी ज्वारी ओतून पाहिलं. आजीच्या शेजारी उभं राहून माप भरणारा नातू दुसऱ्या दिवशी आपणहून शाळेत गेला.

सही बंद झाली. त्याऐवजी पोरानं रोज आजीला धडा वाचून दाखवायचा आणि आजीनं त्यावर एक प्रश्न विचारायचा. ज्या रात्री उसाची गाडी भरायची नसेल, त्या रात्री आईचा कोपीवरून, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवरून, फोन येतो. "आज काय वाचलंस?" एवढंच ती विचारते. अक्षर न येणारं माणूसही हे करू शकतं आणि मुलाला त्याचा फार मोठा आधार असतो. मधले काही दिवस तो पुन्हा शेळ्यांमागं गेला, नाही असं नाही. पण या वेळी गुरुजी सायंकाळी घरी आले, आणि चहा घेऊन गेले.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, निम्म्या जागा स्त्रियांना. आणि कायद्याचे शब्द आहेत 'माता-पिता किंवा पालक'. म्हणजे आईबाप उसाच्या फडावर असताना नातू सांभाळणारी आजीही तिथं बसू शकते. सही येत नसेल तर अंगठा चालतो.

आजी आता समितीत आहेत. परवाच्या बैठकीत त्यांनीच विषय काढला: औंदा दसऱ्याच्या आधीच यादी करा, कोणाचे आईबाप जाणार, कोणतं लेकरू कोणाजवळ राहणार आणि ज्याला कोणीच नाही त्याचं हंगामी वसतिगृहाचं काय. गुरुजी वही उघडून लिहीत होते.